गल्लीत एकही गीझर नाही

ऑडिटरांचा फायदा असा होता: रोजचे साठ बन, बनामागे नफा चार, म्हणजे दिवसाला दोनशे चाळीस. शाळेचे महिन्यातले चोवीस दिवस धरले तर पाच हजार सातशे साठ. ओव्हनची किंमत सेहेचाळीस हजार. म्हणजे आठवा महिना संपताना ओव्हनचे पैसे वसूल होऊन वर ऐंशी शिल्लक. हा हिशेब त्यांनी कॅलेंडरच्या मागच्या बाजूला केला, दोनदा तपासला आणि खाली तारखेसकट सही केली. सदतीस वर्षं दुसऱ्यांच्या हिशेबातल्या चुका काढून निवृत्त झालेला माणूस घरच्या कागदावरही सही केल्याशिवाय उठत नाही.

बन अर्थात बायको भाजणार होती. ओव्हनचे पैसेही तिच्याच ठेवीतून गेले होते. मग याला ‘ऑडिटरांचा फायदा’ का म्हणायचं, असं तिने एकदा विचारलं होतं.

“अगं, हिशेब मी केला ना,” ऑडिटर म्हणाले.

एकोणतीस वर्षं शेजारपाजारच्यांनी तिच्या हातचे बन खाल्ले होते, “वहिनी, तुम्ही धंदा का नाही सुरू करत?” असं विचारलं होतं आणि बोलता बोलता आणखी एक उचलला होता. आता पहिल्यांदाच कुणीतरी पैसे देऊन खायला तयार झालं होतं. जवळच्या शाळेच्या उपाहारगृहाने सांगितलं होतं, पहिल्या तारखेपासून रोज साठ द्या, महिनाभर बघू. त्याआधी, महिना संपण्यापूर्वीच्या शेवटच्या गुरुवारी, नमुन्याची एक खेप पाठवा. ती पसंत पडली तर पुढचं.

अडचण फक्त विजेची होती. शाळेला बन साडेनऊला हवे, म्हणजे ओव्हन सकाळी सात वाजता तापायला हवा, आणि सकाळी सात वाजता अख्खी गल्ली अंघोळीला बसलेली असे. दहा घरांचे गीझर, पंप आणि इस्त्र्या एकदम सुरू झाल्या की गल्लीच्या तोंडाशी खांबावर बसवलेला जुना ट्रान्सफॉर्मर म्हाताऱ्या नोकरासारखा कण्हायला लागे. दोनशे तीसचं व्होल्टेज एकशे साठवर येई. त्या व्होल्टेजला ओव्हन तापत नव्हता, नुसता कोमट होऊन विचार करत बसायचा. पंचवीस मिनिटांचे बन सव्वा तास लावायचे आणि बाहेर यायचे ते पांढरेफटक, चपटे. पहिली खेप पाहून ऑडिटर म्हणाले, “चवीला वाईट नाहीत.” बायकोने ताट उचललं आणि आत गेली.

दुसऱ्या दिवशी ऑडिटर वीज कार्यालयात गेले. तिथल्या इंजिनिअर बाई तिशीतल्या, टेबलावर चार फोन आणि तोंडात पेनाचं टोपण. त्यांनी सरळ सांगितलं, “काका, त्रेसष्टचा ट्रान्सफॉर्मर आहे तुमचा. शंभरचा लागेल. गल्लीने आपला वाटा भरला तर महिन्यात बसवते. दोन लाख चाळीस हजार.”

“आणि नाही भरला तर?”

“तर योजनेतून फुकट बसेल, नंबर आला की. तुमचा नंबर एकशे बारावा आहे. वर्षाला सात होतात.”

ऑडिटरांनी मनात भागाकार केला. सोळा वर्षं. सोळा वर्षांनी त्यांचं वय एकोणऐंशी होणार होतं आणि बन चावायला दात उरले असते की नाही, हा वेगळा मुद्दा होता. घरटी चोवीस हजार पडले तरी ओव्हन धरून एकूण सत्तर हजार. म्हणजे तेराव्या महिन्यात निखळ नफा सुरू. त्यांना यात कुठे हरकत निघेल असं वाटेना. दहा घरं, दहा शहाणी माणसं, सगळ्यांच्याच नळाला थंड पाणी. सभा घ्यायची, आकडे मांडायचे, सह्या घ्यायच्या.

सभा दातांच्या डॉक्टरांच्या प्रतीक्षागृहात भरली, कारण गल्लीत एकदम दहा खुर्च्या फक्त तिथेच होत्या. ऑडिटरांनी उभं राहून आकडे मांडले. नंतर जी शांतता पसरली ती डॉक्टरांनी आतून “आ करा” म्हटल्यावर पसरते तशीच होती.

पहिले बोलले निवृत्त हेडमास्तर. “मुळात प्रश्न तत्त्वाचा आहे. वीज पुरवणं त्यांचं काम. मी बिल भरतो. वाणी मला तांदूळ विकतो, तेव्हा त्याच्या गोदामाचं छप्पर मी शाकारून देतो का?”

“देता की,” ऑडिटर म्हणाले, “तांदळाच्या भावात असतं ते.”

“मग विजेच्या भावातही असणारच. मग दुसऱ्यांदा का द्यायचं?”

हे उत्तर इतकं बरोबर होतं की ऑडिटरांनी ते ऐकलं नाही असं दाखवलं.

गल्लीतली एकमेव तीन मजली इमारत ज्यांची, त्यांना सगळे तीनमजली म्हणत. ते म्हणाले, “माझ्याकडे इन्व्हर्टर आहे, स्टॅबिलायझर आहे. मला त्रासच नाही. ज्याला त्रास त्याने भरावं.”

“तुमचा स्टॅबिलायझर आमच्याच वाट्याचं व्होल्टेज ओढून तुमचं वाढवतो,” डॉक्टर म्हणाले. “मी मात्र व्यापारी दराने बिल भरतो, दुप्पट. म्हणजे माझा वाटा मी गेली अकरा वर्षं भरतोच आहे. उलट मलाच परत यायला हवेत.”

शेवटच्या घरातल्या मावशी एवढा वेळ पदराने चष्मा पुसत होत्या. “माझं काय रे बाबांनो, एकटीचं घर. एक दिवा. तोही मी लवकर मालवते. मी आणि हा तीन मजल्यांवाला सारखेच पैसे भरणार होय?”

“मावशी, मजल्यांचा संबंध काय?” तीनमजली म्हणाले. “वरचे दोन मजले रिकामेच आहेत.”

वरच्या दोन्ही मजल्यांच्या गॅलऱ्यांत तेव्हा सहा बिऱ्हाडांचे कपडे वाळत होते. खिडकीतून दिसतही होते. पण सभेत समोरच्याचं ऐकून घ्यायची पद्धत असते.

मग मागच्या खुर्चीवरून कुणीतरी म्हणालं, “ज्याचा वापर जास्त त्याने जास्त भरावं. वापराप्रमाणे वाटणी.”

आणि चमत्कार झाला. दहाच्या दहा हात वर गेले. ऑडिटरांनी आयुष्यात पुष्कळ ठराव पाहिले होते, पण असा एकमताचा ठराव नाही. प्रत्येकाने शेजाऱ्याकडे ज्या प्रेमळ नजरेने पाहिलं, त्यावरून त्यांना कारण कळायला हवं होतं. प्रत्येकाची खात्री होती की गल्लीत सगळ्यांत कमी वीज आपण वापरतो. ठरावावर दहा सह्या झाल्या. ऑडिटर घरी आले ते छाती पुढे काढून. बायकोने विचारलं, “पैसे जमले?” ते म्हणाले, “पैशापेक्षा मोठी गोष्ट जमली. तत्त्व जमलं.”

तत्त्व अमलात आणायला त्यांनी ‘घोषणापत्र’ नावाचा फॉर्म छापून घेतला. घरात विजेवर चालणारी कोणती उपकरणं आहेत ती लिहा, खाली सही. चार दिवसांत दहा फॉर्म परत आले आणि ऑडिटर ते वाचत बसले. हेडमास्तरांकडे दोन ट्यूब आणि एक रेडिओ होता. डॉक्टरांच्या घरात आणि दवाखान्यात मिळून दोन पंखे, तीन दिवे. रुग्णाची खुर्ची ‘पायाने वर-खाली होते’. दात कोरायच्या यंत्राचा उल्लेख नव्हता. बहुधा तेही पायानेच चालत असावं. तीनमजलींनी तळमजल्याचे चार दिवे लिहून पुढे ‘बाकी निरंक’ असा शेरा मारला होता. मावशींनी एक दिवा लिहून कंसात ‘लहान’ असं घातलं होतं. पाच इतर घरांत मिळून एक मिक्सर निघाला. संपूर्ण गल्लीत, सह्यांनिशी, एकही गीझर नव्हता. इतकी माणसं इतक्या थंड पाण्याने अंघोळ करत असतील, याची ऑडिटरांना कल्पना नव्हती.

दहावा फॉर्म त्यांचा स्वतःचा. त्यात त्यांनी खरं लिहिलं होतं. ओव्हन तीन किलोवॅट, गीझर दोन, वगैरे. मग त्यांनी घरटी किमान एक किलोवॅट धरून ठरावाप्रमाणे वाटणी केली आणि आकडा बघून चष्मा काढला. गल्लीच्या एकूण भारातला एक तृतीयांशाहून जास्त भार ऑडिटरांच्या घरचा निघत होता. दोन लाख चाळिसातले नव्वद हजारांच्या आसपास.

“म्हणजे डॉक्टरांच्या खुर्चीचे पैसे मी बन विकून भरायचे,” बायको म्हणाली.

“सही करून दिलंय त्यांनी.”

“मग तुम्हीही द्या.”

ऑडिटर दोन दिवस घरात येरझाऱ्या घालत होते. तिसऱ्या दिवशी त्यांना एक विचार सुचला: ओव्हन महिनाभर चाचणीवर आहे, चाचणी म्हणजे तात्पुरतं, आणि तात्पुरता भार कायमच्या रकान्यात दाखवणं हे हिशेबाच्या शिस्तीला सोडून आहे. गीझरच्या बाबतीत त्यांनी गल्लीच्या परंपरेचा मान राखला. अशा रीतीने ज्या ओव्हनसाठी हा सगळा खटाटोप, तो ओव्हनच कागदावरून गेला. गल्लीचा एकूण भार भरला दहा किलोवॅट.

इथपर्यंत जे झालं ते गल्लीतल्या गल्लीत मिटलं असतं. वीज कार्यालयाला या फॉर्मांशी काही घेणंदेणं नव्हतं. त्यांना फक्त एक पानी अर्ज हवा होता. पण सदतीस वर्षांची सवय. जोडपत्राशिवाय कागद पुढे सरकवणं म्हणजे ऑडिटरांना धोतराशिवाय बाहेर पडण्यासारखं वाटे. त्यांनी अर्जाला ठराव जोडला, ठरावाला दहा घोषणापत्रं जोडली, शेवटी बेरजेचा तक्ता लावला, तीन प्रती काढल्या आणि आवक खिडकीवर शिक्का मारून घेतला. खिडकीतला कारकून म्हणाला, “एवढं लागत नाही.” ऑडिटर हसले. लागत नसलेलं देण्यातच शिस्त दिसते, असं त्यांचं मत होतं.

बाराव्या दिवशी उत्तर आलं. ते इतकं सभ्य होतं की पहिल्या वाचनात कळलंच नाही. आपल्या गल्लीचा घोषित भार दहा किलोवॅट असून विद्यमान रोहित्र त्रेसष्ट क्षमतेचे आहे. सबब रोहित्र गरजेपेक्षा फार मोठे असल्याचे निदर्शनास येते. ते अन्यत्र, जेथे निकड आहे तेथे, हलवून आपल्याकडे पंचवीस क्षमतेचे बसवण्यात येईल. माहितीबद्दल कार्यालय आभारी आहे.

गल्लीत ही बातमी पसरायला अर्धा तास लागला. संध्याकाळी तीनमजली फाटकात उभे होते. “मोठा मागायला गेलात आणि होता तोही घालवलात. ऑडिटरसाहेब, आम्ही तुम्हाला काही विचारलं होतं?”

“तुमची सही आहे,” ऑडिटर म्हणाले.

“सही काय, तुम्ही मागितलीत म्हणून केली.”

हेडमास्तरांनी तत्त्वाचा प्रश्न काढला, की खासगीत दिलेली खोटी माहिती सरकारी कामात वापरणं हा विश्वासघात आहे. यावर डॉक्टरांनीही मान डोलावली. सदतीस वर्षांत ऑडिटरांना कुणी असं बोललं नव्हतं. जेवताना त्यांनी भात परतवला. बायको समोर बसून म्हणाली, “अहो, गुरुवारी नमुना द्यायचाय. आठ दिवस राहिलेत. मानापमान गुरुवारनंतर बघू.”

ते पुन्हा इंजिनिअर बाईंकडे गेले.

“मॅडम, हा कागद खरा नाही.”

“मला माहितीये काका. सकाळी तुमच्या गल्लीतून जाते मी. दहाही मोऱ्यांच्या खिडक्यांतून वाफ येत असते.” त्यांनी फाइल पुढे सरकवली. “पण तुम्ही ऑडिटमध्ये होतात. तुम्हीच सांगा, माझ्या फाइलमध्ये वाफ कुठे लावू?”

हे वाक्य, थोडे शब्द बदलून, ऑडिटरांनी स्वतः निदान चारशे माणसांना ऐकवलं होतं.

बाईंना दया आली असावी. “असं करा. गुरुवारी सकाळी मी वायरमन घेऊन येते. खांबावर प्रत्येक घराच्या तारेला मीटर लावून भार मोजू. जो दिसेल तो लिहीन. तुमचे फॉर्म रद्द, माझा आकडा खरा.”

ऑडिटरांनी गल्लीभर निरोप दिला: गुरुवारी सातला सगळं चालू ठेवा, नाहीतर ट्रान्सफॉर्मर जातो. सगळ्यांनी मान हलवली. मग प्रत्येकाने घरी जाऊन शांतपणे विचार केला. बाकीचे नऊ जण चालू ठेवणारच आहेत. ट्रान्सफॉर्मर वाचवायला नऊ पुरे. ठराव मात्र वापराप्रमाणे वाटणीचा आहे. मग आपला गीझर नेमका त्याच वेळी लावून फुकटचे पैसे का वाढवा?

गुरुवारी सात वाजता वायरमन शिडीवर चढला. पहिल्या घराची तार त्याने मीटरच्या चिमट्यात धरली. “शून्य.” दुसरं घर. “शून्य.” डॉक्टर, “शून्य, मॅडम.” तीनमजलींच्या तारेवर तर त्याने चिमटा दोनदा लावून पाहिला. गल्ली अशी शांत होती की कुणाच्या तरी घरातलं घड्याळ रस्त्यावर ऐकू येत होतं. नऊ घरांतली माणसं पडद्याआडून एकमेकांच्या गीझरची वाट पाहत उभी होती. फक्त ऑडिटरांच्या तारेवर आकडा आला. “तीन.”

“हा ओव्हन,” ऑडिटर म्हणाले, आणि म्हणताना त्यांना आपला फॉर्म आठवला.

“फॉर्मवर नाही वाटतं,” बाई म्हणाल्या.

ऑडिटरांनी खांबाकडे पाहिलं. सहा दशकांत पहिल्यांदाच त्यांना खांबाचं बारकाईने निरीक्षण करावंसं वाटलं.

पण आत वेगळंच चाललं होतं. गल्लीतली इतर नऊ घरं बंद, त्यामुळे व्होल्टेज दोनशे बत्तीस. ओव्हन कधी नव्हे तो ऐटीत तापला. चोविसाव्या मिनिटाला बायकोने दार उघडलं आणि तीस बन बाहेर आले, फुगलेले, तांबूस, एकासारखे एक. ती ते नुसती बघत राहिली. मग दुसरे तीस आत सरकवले आणि एक बशी घेऊन बाहेर आली.

“मॅडम, चहा टाकलाय. बसा ना थोडा वेळ.”

बाईंनी बन मोडला, खाल्ला, आणि वायरमनला म्हणाल्या, “शिडी राहू दे. मला घाई नाही.”

त्या ऑडिटरांच्या ओट्यावर बसल्या. साडेसात झाले. पावणेआठला दुसरी खेप निघाली, बायकोने ओव्हन बंद केला आणि बन खोक्यात भरायला घेतले. गल्लीत पडदे हलायला लागले. बाई उठण्याचं नाव घेईनात. हेडमास्तरांना आठ वीसची बस होती आणि थंड पाण्याची त्यांना तत्त्वतःही सवय नव्हती. आठला चार मिनिटं असताना त्यांचा गीझर लागला. एवढ्या एकाने काय होतंय, असं त्यांना वाटलं असेल. तेच पुढच्या घराला वाटलं. तेच डॉक्टरांना वाटलं, कारण पहिला रुग्ण आठला दारात सुजलेला गाल धरून उभा होता. तीनमजलींकडे सहा बिऱ्हाडांनी वरून आरडाओरडा सुरू केला तेव्हा त्यांनी मुख्य बटण खाली ओढलं, आणि रिकाम्या मजल्यांवर सहा गीझर, एक पंप आणि लिफ्ट एकदम सुरू झाली.

वायरमन शिडीवर होताच. “तीनमजली चोवीस. डॉक्टर पंधरा. हेडमास्तर सहा.” तो ओरडून सांगत होता आणि बाई लिहीत होत्या. शेवटच्या घराजवळ तो थांबला. “मॅडम, मावशी तीन.”

“सांधे दुखतात माझे,” मावशी खिडकीतून म्हणाल्या. “शेकायचं एक यंत्र आहे. लहान.”

उरलेल्या पाच घरांचे सत्तावीस, ऑडिटरांच्या गीझरचे दोन. ट्रान्सफॉर्मर मरणपंथाला लागल्यासारखा कण्हत होता. बाईंनी बेरीज केली: सत्त्याहत्तर.

“त्रेसष्टच्या ट्रान्सफॉर्मरवर सत्त्याहत्तर. शंभरचा मंजूर. वाटणी तुमच्याच ठरावाने, वापराप्रमाणे. दहा सह्या आहेत, शिक्काही आहे. कुणाला नको असेल तर सांगा, पंचविसाचा गोदामात तयार आहे.”

नको असलेले दोन-चार होते. केसांतून पाणी गळत असताना माणूस तत्त्वाचं फारसं बोलू शकत नाही. तीनमजली एवढंच म्हणाले, “हे आधी सांगायला हवं होतं.”

दुपारी शाळेतून निरोप आला. बन आवडले, पहिल्या तारखेपासून साठ नव्हे, ऐंशी द्या. ऑडिटर तेव्हा जेवणाच्या टेबलावर वाटणीचा तक्ता करत होते आणि शीळ घालत होते. मोजणीच्या वेळी ओव्हन बंद झालेला. म्हणजे आपल्या घरचे फक्त दोन. एका किलोवॅटमागे तीन हजार एकशे सतरा. सहा हजार दोनशे चौतीस आणि मामला खलास. चोवीस हजार द्यायला निघालेला माणूस सव्वासहात सुटत होता, तोही इंजिनिअरच्या आकड्याने.

बायको मागे येऊन उभी राहिली. “ओव्हन कुठाय यात?”

“मोजणीत आला नाही. नियमाप्रमाणे...”

“घाला.”

“अगं, नऊ हजारांचा फरक आहे. आणि कुणाला कळणारही नाही.”

“गल्लीत रोज सकाळी वास सुटणार आहे, त्यांना कळणार नाही होय? उद्या कुणीही तोंड वर करून म्हणेल, वहिनींचे बन आमच्या पैशावर फुगतात. ते मला ऐकायचं नाही. ओव्हनचे मी देईन. गीझरचे तुम्ही द्या.”

ऑडिटरांनी तक्ता खोडला. सदतीस वर्षांत त्यांच्या हिशेबातली चूक पहिल्यांदाच कुणी काढली होती, आणि तीही बरोबर काढली होती. त्यांनी सत्त्याहत्तरात तीन मिळवून ऐंशी केले, नवा तक्ता लिहिला आणि तो दवाखान्याच्या दारावर लावून आले. डॉक्टरांनी चार वेळा बेरीज तपासली. आपला आकडा कमी कसा झाला हे त्यांना कळेना, आणि कळल्यावर त्यांनी गप्प राहणं पसंत केलं.

महिन्याने ट्रान्सफॉर्मर बसला. तोवर बायको पहाटे चारला उठून, गल्ली निजलेली असताना बन भाजत होती. एका किलोवॅटमागे तीन हजार. तीनमजलींनी बहात्तर हजार भरले, त्यातले साठ भाडेकरूंकडून वसूल करून. डॉक्टरांनी पंचेचाळीस हजार भरले आणि दात काढण्याचा दर वाढवला. हेडमास्तरांनी अठरा हजार भरले, निषेध नोंदवून. मावशींनी नऊ हजार भरले, नोटा रुमालातून मोजून, पावती मागून. इतर पाच घरांनी मिळून एक्याऐंशी हजार भरले, आणि प्रत्येकाने खासगीत सांगितलं की शेजाऱ्याचं मीटर फास्ट आहे. ऑडिटरांनी गीझरचे सहा हजार भरले. त्यांच्या बायकोने ओव्हनचे नऊ हजार भरले, आधी ठेवीतून, आणि मग एकोणतीस दिवसांच्या बनांचा नफा पहिल्या दिवसापासून बाजूला काढून ती ठेव भरून काढली. एकूण दोन लाख चाळीस हजार. सगळ्या गल्लीत न मागता भरले ते तिने एकटीनेच.